एकच वेलांटी

बोरू विकत मिळे, पण कापलेला मिळत नसे. निदान आमचे अण्णा तसे सांगतात. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात एक बारकासा चाकू असायचा. बरूची काडी त्याने तासायची, टोक तिरके कापायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि मग शाईत बुडवून कागदाच्या कोपऱ्यावर एक रेघ ओढून पाहायची. मास्तर आधी बोरू पाहत आणि मग अक्षर. बोरू वाईट असेल तर अक्षराकडे वळण्याचे त्यांना कारणच उरत नसे.

मी लिहितो ते संगणकावर. तेथे बोरूच्या जागी जे असते त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. कचेऱ्यांतून समास आखून, ठळक-तिरपी अक्षरे करून पत्रे नटवणारे जे प्रोग्रॅम असतात ते हे नव्हेत. टेक्स्ट एडिटरला नटवणे ठाऊक नाही. अक्षर घ्यावे, जसेच्या तसे ठेवावे, हवे तेव्हा शोधून द्यावे, चुकलेले खोडू द्यावे, एवढेच त्याचे काम. माझ्या एडिटरचे नाव ईमॅक्स. वीसएक वर्षे आम्ही एकत्र नांदतो आहोत. त्याच्याइतके जुने असे आता घरात सौभाग्यवती आणि पितळी डबा एवढेच.

या ईमॅक्सचा जन्म 1976 साली अमेरिकेत, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको नावाच्या त्याहून जुन्या एडिटरसाठी निरनिराळ्या लोकांनी लिहून ठेवलेल्या युक्त्या गोळा करून, त्यांना एक शिस्त लावून तो उभा केला. पुढे स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि 1985 साली ग्नू ईमॅक्स लोकांच्या हाती दिला, तो एका विलक्षण बोलीवर. ज्याला पाहिजे त्याने तो वापरावा. एवढेच नव्हे, तर तो ज्या मूळ मजकुरापासून तयार होतो तो मजकूरही घरी न्यावा, वाचावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा. अट एकच. आपण घेतले तसे दुसऱ्यालाही घेऊ द्यायचे. या मूळ मजकुराला सोर्स कोड म्हणतात. चकलीचा पुडा आणि चकलीच्या भाजणीचे प्रमाण यांत जो फरक आहे, तोच तयार प्रोग्रॅम आणि सोर्स कोड यांत आहे.

आता कोणी विचारील, पुडा फुकट मिळत असताना भाजणी भाजायला कोण बसतो? मीही बसलो नसतो. वीस वर्षे मी तयार पुडाच आणीत होतो. पण 2022 च्या श्रावणात गावाकडच्या घराचा माळा आवरताना पत्र्याची एक पेटी निघाली, आणि पेटीत मोडीतल्या चौतीस पत्रांचे बासन निघाले.

आमच्या घरात मोडी वाचता येणारे एकटे अण्णाच. त्यांचा जन्म 1934 चा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवीत आणि अण्णा त्या शेवटच्या पिकातले. बासन हाती आले तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. उजव्या डोळ्याने केव्हाच रजा घेतलेली, आणि डाव्याबद्दल डॉक्टर नुसते ‘बघू’ म्हणत. डॉक्टरांचे ‘बघू’ आणि आपले ‘बघू’ यांत अंतर असते, हे अण्णांना माझ्याआधी कळले होते. त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली, भिंग घेतले आणि म्हणाले, “मी वाचतो, तू लिहून घे. आणि उगाच वेळ काढू नकोस.”

मी देवनागरीत, म्हणजे अण्णांच्या भाषेत बाळबोधीत, लिहायला सुरुवात केली. दोन पत्रे सुरळीत पार पडली. तिसरे पत्र शके 1811 चे, म्हणजे 1889 सालचे. राजापूरहून एका नातलगाने माझ्या खापरपणजोबांना लिहिलेले. त्यात त्यांच्या धाकट्या भावाची, तात्यांची हकीकत होती. अण्णांनी वाचले, “तात्या मुंबईस गेले बहुत दिन जाहले.” मी लिहिले. ते थांबले. मग म्हणाले, “काय लिहिलंस? दिन की दीन?”

येथे मोडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मोडी ही घाईची लिपी. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात न उचलता अक्षरांच्या माळा त्या रेघेला लटकवीत जाई. शब्दाशब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही. वेलांटी एकच. ती पहिली की दुसरी, हे वाचणाऱ्याने प्रसंग पाहून ठरवायचे. बहुतेक ठिकाणी ते आपोआप ठरतेच. पण येथे पाहा. पहिली वेलांटी दिली तर तात्यांना मुंबईस जाऊन पुष्कळ दिवस झाले. दुसरी दिली तर तात्या मुंबईस गेले आणि अगदी विपन्न झाले.

वाचकांना हे कोडे मौजेचे वाटेल. आमच्या घरात ते मौजेचे नव्हते. तात्या मुंबईस गेले, पैसा केला आणि घराला विसरले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यांची शाखा ठाण्यात आहे. आम्ही एकमेकांच्या लग्नाला जात नाही. मृत्यूची वार्तासुद्धा आडवाटेने कळते. आणि आता ते सगळे एका वेलांटीवर येऊन थांबले होते.

मी म्हटले, “मग काय लिहू?”

“कागदावर आहे ते लिही,” अण्णा म्हणाले. “मोडीत लिही. ठरवायचं काम आपलं नव्हे.”

म्हातारी माणसे अशी एखादी साधी गोष्ट सांगतात आणि आपण महिनाभर धावत सुटतो. मोडीचे फॉण्ट पुष्कळ वर्षांपासून मिळतात. पण त्यातले जुने बरेचसे असे की आत देवनागरीच असते आणि वरून मोडीचा अंगरखा चढवलेला असतो. सगळ्या जगाच्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तिच्यात मोडीला स्वतःचे घर 2014 साली सातव्या आवृत्तीत मिळाले. मला त्या घरातली अक्षरे हवी होती. फॉण्ट मिळाला. पण माझ्या ईमॅक्समध्ये ती अक्षरे काही केल्या नांदेनात. वेलांट्या आणि काने अक्षरांपासून सुटून, वरातीत चुकलेल्या पाहुण्यांसारखे बाजूला उभे राहत. जोडाक्षरे जुळत नसत आणि ती कळफलकावरून उमटवायची सोयही नव्हती. त्या वर्षीच्या एप्रिलात आलेल्या 28.1 या ताज्या आवृत्तीतही ती नव्हती.

मात्र ती तयार झालेली होती. ईमॅक्सची पुढची आवृत्ती घडवण्याचे काम जेथे रोज चालते, त्या विकासाच्या सोर्स कोडमध्ये ब्राह्मी, शारदा, कैथी, ग्रंथ अशा कितीतरी लिप्यांच्या पंगतीत मोडी येऊन बसली होती. या एडिटरला अशा पाहुण्यांचे वावडे नाही. 1997 सालच्या विसाव्या आवृत्तीत अनेक भाषांची सोय त्यात आली, ती जपानच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीतल्या केनिची हांडा आदी मंडळींच्या कामामुळे. आपल्या लिपीची चिंता करता करता दुसऱ्यांच्या लिप्यांचीही पाने मांडावीत, ही बुद्धी सर्वांना होत नाही.

ही नवी आवृत्ती तयार पुड्यात केव्हा येणार? ‘तयार होईल तेव्हा’ हेच अशा कामात उत्तर असते. ती प्रत्यक्षात 29.1 या नावाने 30 जुलै 2023 रोजी आली. मी तोवर थांबलो असतो तर आयती सोय झाली असती, पण तोवर अण्णांच्या डाव्या डोळ्याला भिंगही पुरेनासे झाले होते. विकासाच्या सोर्स कोडचा स्वभाव अर्धवट बांधलेल्या घरासारखा असतो. राहता येते, पण कोणती पायरी आज पक्की आणि कोणती ओली हे सांगता येत नाही. शहाण्या माणसाने त्यात जाऊ नये असे म्हणतात. अण्णांच्या डोळ्याकडे पाहून मी गेलो.

भाद्रपदात गणपती उठले आणि दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो. सोर्स कोड उतरवून घेतला. त्याच्यासोबत 1985 पासूनच्या बदलांची वही येते आणि तीत लाखाहून अधिक नोंदी आहेत. कोणी काय बदलले, का बदलले, सगळे तारीखवार. पेशवे दफ्तर पाहिलेल्या माणसालाही क्षणभर दबकायला व्हावे असा प्रकार. माझा संगणक जुना, म्हणून मी वही तेथेच ठेवून ताजे पानच तेवढे आणले.

मग ऑटोजेन नावाची छोटी आज्ञा द्यावी लागते. ती तुमच्याकडे हत्यारे आहेत की नाहीत ते बघते. त्यानंतर येते कॉन्फिगर. हे काय प्रकरण आहे ते वर्णन करायला एखादी जुनी आत्याबाईच हवी. मुलगी दाखवायला आणली की आत्याबाई विचारतात ना, गोत्र कोणते, मामा काय करतात, स्वयंपाक येतो का, चष्मा आहे का! तसे हे कॉन्फिगर तुमच्या संगणकाला प्रश्न विचारीत सुटते. सी भाषेचा कंपायलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. अमुक आकडा किती जागा घेतो? तमुक सोय या घराण्यात आहे का? शेकडो प्रश्न पडद्यावरून सरसर वर जातात आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही. सौभाग्यवती चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

“अहो, हे कोणाशी बोलतंय?”

“स्वतःशीच.”

“मग ठीक आहे,” म्हणून ती गेली.

आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी नकार दिला. ग्नूटीएलएस नावाचे एक ग्रंथालय सापडेना. वास्तविक ते माझ्या संगणकात होते, पण असे ग्रंथालय वापरणे वेगळे आणि त्याच्या आधाराने नवे काही बांधणे वेगळे. बांधायचे तर ग्रंथालयात काय काय आहे याची सूची जवळ लागते, आणि ती सूची वेगळ्या पुडक्यात येते. ते पुडके आणले. पुन्हा सारी प्रश्नावली. या वेळी नकार नव्हता. शेवटी कॉन्फिगर एक गोषवारा छापते, त्यावरून मी बोट फिरवीत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. हार्फबझ वापरणार का? नाही.

हे हार्फबझ म्हणजे अक्षरांचा जुळारी. ‘क’ पुढे वेलांटी आली तर ती कोठे बसवायची, दोन व्यंजने भेटली तर त्यांचे जोडाक्षर कसे दिसायचे, हे ज्ञान त्याच्याकडे. रोमन लिपीवाल्यांचे त्याच्यावाचून फारसे अडत नाही, म्हणून कॉन्फिगर त्याच्यासाठी अडून बसत नाही. नसेल तर नसो म्हणते आणि पुढे जाते. आपले मात्र सगळे अडते. त्याचेही पुडके आणले, तिसऱ्यांदा प्रश्नावली चालवली, आणि त्या ओळीपुढे ‘हो’ दिसले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

आता आज्ञा उरली मेक. ती दिली की खरी भाजणी सुरू होते. पण येथे एक गंमत आहे, ती मला फार आवडते. ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे, पण त्याचा बहुतेक देह लिस्प नावाच्या भाषेत लिहिलेला आहे. हजाराहून अधिक फायली. त्या लिस्पचे जलद चालणाऱ्या रूपात भाषांतर करायचे, तर भाषांतर करणारा कंपायलर पाहिजे. आणि तो कंपायलर स्वतःच लिस्पमध्ये लिहिलेला! विरजणावाचून दही नाही आणि दह्यावाचून विरजण नाही. मग हे लोक काय करतात? आधी सी भाषेतला गाभा तेवढा बांधतात. त्याला टेमॅक्स म्हणतात. हा उघडाबोडका टेमॅक्स लिस्पचा कंपायलर भाषांतरावाचूनच, ओळ ओळ वाचून, रखडत चालवतो. तो रखडता कंपायलर सर्वांत आधी कोणाचे भाषांतर करतो? स्वतःचे. म्हणजे दूध प्रथम आपल्याच स्वभावाने, सावकाश नासते-आंबते. मग त्यातला चमचाभर घेऊन बाकीचे भराभर लावायचे. एवढे झाले की सगळे ऐवज स्मृतीत मांडून त्या मांडामांडीचा ठसा एका फायलीत साठवतात. पुढे रोज ईमॅक्स उघडताना पुन्हा मांडामांड नको, डबा उघडला की फराळ तयार. ठसा घेण्याची जुनी रीत फार नाजूक होती. 2020 च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून ती बदलली.

हे सारे पडद्यावर दिसते ते अगदी नीरस असते. एकेका फायलीचे नाव येते आणि जाते. माझ्या संगणकाचा पंखा असा घुमू लागला की अण्णांनी आतून विचारले, “गिरणी चालू केलीस काय?” चाळीसेक मिनिटे ती गिरणी चालली. आपण काही करायचे नसते, तरी उठवत नाही. दूध तापत ठेवलेल्या बाईसारखे उभे राहावेसे वाटते.

शेवटची आज्ञा मेक इन्स्टॉल. तयार झालेल्या वस्तू ज्या त्या फळीवर नेऊन ठेवणे एवढेच तिचे काम. मी नवा ईमॅक्स वेगळ्या फळीवर ठेवला आणि जुना होता तेथेच राहू दिला. घरात नवीन सून आली म्हणून कोणी जुनी पातेली फेकून देत नाही. उघडल्यावर नव्याने आपले नाव सांगितले, 29.0.50. शेवटचा पन्नास म्हणजे ‘अजून काम चालू आहे’ अशी पाटी.

ईमॅक्समध्ये कण्ट्रोल आणि एच दाबून मग पुन्हा एच दाबले की एक पान उघडते. त्यावर जगातल्या पुष्कळ भाषांतून आणि लिप्यांतून नमस्कार लिहिलेले आहेत. अरबी आहे, चिनी आहे, तमिळ, कन्नड, गुजराती आहे. हे पान कोणी शोभेसाठी केलेले नाही. कोणती लिपी नीट उमटते आणि कोणती मोडते, ते एका नजरेत दिसावे म्हणून आहे. मी खाली खाली जात राहिलो आणि मोडीची ओळ आली. वेलांट्या जागच्या जागी होत्या. जोडाक्षर जुळले होते.

रात्रीचा एक वाजायला आला होता, पण अण्णा जागेच होते. मी त्यांना आणून पडद्यासमोर बसविले आणि अक्षर मोठे करीत गेलो. ते बराच वेळ डावा डोळा पडद्याजवळ नेऊन बघत राहिले. मग सावकाश वाचले, “नमस्कार.” मला वाटले आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “छापील आहे. हात नाही त्यात. पण चालेल.”

दुसऱ्या दिवसापासून आमची बैठक सुरू झाली. सकाळी दहा ते साडेअकरा, खिडकीतून ऊन पत्रावर येते तेवढा वेळ. अण्णा भिंगातून वाचीत, मी रोमन कळांवरून उच्चाराप्रमाणे टंकीत जाई आणि पडद्यावर मोडी उमटे. युनिकोडात मोडीलाही दोन्ही वेलांट्या दिलेल्या आहेत. आम्ही ठरवून एकच वापरली, कागदावर जी आहे ती. शब्द तोडले नाहीत, विरामचिन्हे घातली नाहीत. एक पत्र झाले की मी अक्षर बोटभर मोठे करून पडदा त्यांच्यापुढे सरकवी आणि ते पुन्हा सगळे वाचून ताडून बघत. चुका काढताना त्यांचा आवाज मास्तरांसारखा होई. “हा झ नव्हे, ल आहे. पुन्हा लिही.” साठी उलटलेल्या मुलाला पुन्हा लिहायला लावण्यात त्यांना जे सुख होत होते, ते त्यांनी लपवले नाही.

तिसरे पत्र आम्ही घटस्थापनेच्या सुमारास पुन्हा घेतले. ती ओळ आली. मी टंकली, एका वेलांटीने. अण्णांनी वाचली. कोणी काही बोलले नाही. आम्ही चौथे पत्र घेतले.

दिवाळीपर्यंत सव्वीस पत्रे झाली. भिंग बदलावे लागले, मग दिवा बदलावा लागला. उरलेली आठ पूर्ण व्हायला मार्गशीर्ष उजाडला. शेवटची दोन अण्णांनी जेमतेम वाचली. काही ठिकाणी मी अक्षराचा आकार तोंडाने सांगे, वर गाठ आहे, मग डावीकडे वळले आहे, आणि ते ओळखीत. त्या जागांवर आम्ही खूण केली आहे.

सर्व झाल्यावर अण्णा म्हणाले, “एक प्रत ठाण्याला पाठव.” मी त्यांच्याकडे बघितले. “त्यांच्या पणजोबाबद्दल आहे. त्यांचाही हक्क आहे.” पत्ता मिळवायला आठ दिवस लागले. चौतीस पत्रांची फाईल, कागदांचे फोटो आणि फॉण्ट असे सगळे पाठवले. चार ओळींत तिसऱ्या पत्राची अडचणही लिहिली, कोणत्याही बाजूने न लिहिता. तिकडून पंधरा दिवसांनी उत्तर आले. मजकूर नम्र होता. पाठवलेले सर्व मिळाले, पण आमच्यात मोडी कोणालाच येत नाही, तरी तात्यांविषयी नक्की काय ते बाळबोधीत कळवावे.

मी ते अण्णांना वाचून दाखवले. ते हसले. म्हणाले, “त्यांना लिही, पत्रानं कळवता येत नाही. इकडे या.”

माघातल्या एका रविवारी तिघे आले. दोन वयस्क आणि एक कॉलेजात जाणारा मुलगा. पोहे झाले, चहा झाला, हवेपाण्याचे बोलणे दोनदा झाले. मग अण्णांनी त्या मुलाला हाक मारून आपल्या शेजारी खुर्ची घ्यायला सांगितली आणि मला ईमॅक्स उघडायला लावला. तिसरे पत्र काढले. अण्णांच्या डोळ्यांसाठी अक्षर तोवर इतके मोठे करावे लागे की पडद्यावर एका वेळी चारच अक्षरे मावत.

“यातलं पहिलं ब आहे,” अण्णा मुलाला म्हणाले. “त्याच्या वळणावरून बोट फिरव बघू.”